ताईने मन लावून वाचलं

चुकीचं उत्तर वाचायला बरोबर उत्तरापेक्षा जास्त वेळ लागतो. हे मी तीस वर्षं शास्त्र शिकवून आणि त्यातली एकोणीस वर्षं दहावीच्या उत्तरपत्रिका तपासून सांगते आहे. बरोबर उत्तर काय, नजर टाकली, टिक केली, पान उलटलं. चुकीचं असलं की थांबावं लागतं. पोरानं नेमकी कुठं माती खाल्ली, सूत्र चुकलं की आकडा चुकला, अर्धा मार्क तरी देता येतो का, हे बघायला तीच ओळ तीनदा वाचावी लागते. ही माझी सवय, आणि ती माझ्या भावाच्या जिवावर उठली. कुणाला सांगितलं तर पटत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी ज्योत्स्ना खटावकर, मुक्काम सातारा. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. आईवडील लवकर गेले तेव्हा शिरीष चौदा वर्षांचा होता आणि मी नुकती शाळेत लागले होते. त्याला मी वाढवलं असं लोक म्हणतात. खरं तर आम्ही दोघांनी एकमेकांना वाढवलं. पुढं त्यानं कराडला चष्म्याचं दुकान टाकलं, उज्ज्वलासारखी शांत बायको मिळाली, एकच मुलगी झाली, मुक्ता. तीही लग्न होऊन कराडातच राहिली.

आमच्या साऱ्या गोतावळ्यात माझा शब्द चालतो. फ्रीज कुठला घ्यायचा, पोरीला कुठल्या शाखेला घालायचं, ताप उतरत नसेल तर काय करायचं, प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, ताईला विचारा. रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला शिरीषचा फोन यायचा. पाच प्रश्न विचारायचा, त्यातले तीन उगाचच असायचे. मी करवादायची, तुझं तुला काही ठरवता येत नाही का म्हणायची. पण साडेनऊपासून फोन जवळ घेऊन बसायची, हेही खरं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तेव्हा निरंजन आला. माझा जुना विद्यार्थी, दहावी ब, अक्षर भयंकर, डोकं चांगलं. आता पुण्याच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. आल्याआल्या पाया पडला आणि म्हणाला, बाई, तुमच्याकडून एक पेपर तपासून घ्यायचाय.

पेपर म्हणजे त्यांनी केलेलं एक साधन. ब्राउझरमध्ये बसवायचं, नाव शेजार. तेव्हा इंटरनेटची काय दशा झाली होती ते सगळ्यांना ठाऊक आहे. दहातली नऊ पानं यंत्रांनी लिहिलेली, शोधायला जावं तर ढिगारा, खरं कुठलं आणि खोटं कुठलं कुणाला कळेना. निरंजनच्या मंडळींनी ह्यावर साधा विचार केला होता. माणूस अनोळखी पानावर विश्वास ठेवत नाही, ओळखीच्या माणसावर ठेवतो. मग पानाच्या उजव्या बाजूला एक पट्टी द्यायची आणि तिच्यात दाखवायचं की तुमच्या माणसांनी काय वाचलं.

आता नुसतं उघडलं म्हणजे वाचलं असं होत नाही. त्यासाठी शेजार कॅमेऱ्यातून डोळ्यांकडे बघायचं. बाहुली कुठल्या ओळीवर किती थांबली, किती वेळा मागं फिरली, एवढंच मोजायचं. चेहरा बाहेर जात नाही, निरंजनने शपथेवर सांगितलं, बाहेर जातो तो फक्त एक आकडा, लक्ष किती दिलं त्याचा. दुसरा आकडा भरवशाचा. कुणाचं नाव दिसलं की तुम्ही पान उघडता, कुणाचं दिसलं तरी ढुंकून बघत नाही, हे शेजार आठवड्याभरात शिकतं. माझ्या लक्षाला तुमच्या माझ्यावरच्या भरवशानं गुणायचं. गुणाकार मोठा आला की ते पान तुमच्या पट्टीत सगळ्यात वर, आणि खाली लिहिलेलं असतं, अमक्यानं मन लावून वाचलं.

लक्ष देऊन वाचलं हे कळेल, पण पटलं की नाही हे कसं कळणार? हा प्रश्न मी तिथंच विचारायला हवा होता. एवढी शास्त्राची बाई, पण तेव्हा माझ्या डोक्यात मूल्यमापनाचे नियम घोळायला लागले होते. दोन वर्षांनी कुणीतरी मला तपासायला काहीतरी दिलं होतं.

नियम मीच घातला. शेजारने सुचवलेली पानं मी रोज उघडणार, वाचणार, खरेपणाला आणि उपयोगाला पाचपैकी गुण देणार. पण ते गुण वेगळ्या वहीत राहतील, शेजारला शेवटपर्यंत कळता कामा नयेत. परीक्षकाला काय आवडतं हे विद्यार्थ्याला आधी कळलं तर तो तेवढंच लिहितो आणि परीक्षा वाया जाते. निरंजन खूश झाला. म्हणाला, बाई, ह्याच्यासाठीच तुमच्याकडे आलो.

त्यानं मला चाचणीसाठी वेगळं खातं दिलं होतं. ते मी दोन दिवस वापरून बघितलं तर पट्टी कोरीच. असणारच, त्या खात्याला ना भाऊ ना भाचा. नातीच नाहीत तर शेजार कुणाचं नाव दाखवणार? मग मी माझं स्वतःचं खातं जोडलं आणि गोतावळ्याला कामाला लावलं. एकतीस जण झाले, मी बत्तिसावी. प्रत्येकाला नऊ पानांचं संमतीपत्र होतं. कुणी वाचलं नाही. ताई म्हणतायत ना, मग कुठं सही करायची तेवढं सांगा. आणि मी, उत्तरपत्रिकेचं शेवटचं कोरं पानसुद्धा उलटून बघणारी, मीही निरंजनच्या शब्दावर सही ठोकून दिली.

जानेवारीत काम सुरू झालं. सकाळी चहा झाला की लॅपटॉप उघडायचा, समोर लाल पेन आणि वही. दिवसाला चाळीस पानं. काय काय वाचतात आपले लोक, मला अंदाज नव्हता. उशीखाली लोहचुंबक ठेवून झोपा म्हणजे स्मरणशक्ती वाढते. मूग सोडून बाकी सगळ्या डाळी विषारी. एक आमचा चुलतभाऊ आहे, प्रभाकर, तो असल्या पानांचा खाणकामगारच. कुठून कुठून उकरून काढायचा. मी ती पानं इमानेइतबारे वाचायची, चुकांची यादी करायची आणि शून्य द्यायची. चांगल्या पानांवर माझा अर्धा मिनिटही जात नसे. पाच गुण, पुढचं.

फेब्रुवारीतलं एक पान मला चांगलं आठवतं. हृदय स्वतःचं बायपास स्वतः करतं, असं त्याचं नाव होतं. रक्तवाहिन्यांत अडथळे असतील तर ऑपरेशनच्या वाटेला जाऊ नका, एक काढा घ्या, सहा महिन्यांत नव्या वाहिन्या फुटतात, असं त्या गृहस्थाचं म्हणणं. मला वाचताना मौजच वाटली. हृदयाला झडपा चार, ह्यानं पाच लिहिल्या होत्या. फुफ्फुसाकडं जाणारी नस आणि येणारी नस ह्यांची अदलाबदल केली होती. चौदा चुका काढल्या, वहीत अर्धं पान शेरा लिहिला. अकरा मिनिटं लागली. शून्य गुण देऊन मी वही मिटली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

मार्चपासून फोन कमी झाले. आधी आठवड्याला दहा-अकरा यायचे, मग चार, मग एखादा. शिरीषचा रविवारचा फोनही आधी उशिरा यायला लागला, मग दोन मिनिटांवर आला. कशी आहेस, बरी आहेस ना, ठेवतो. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण मी त्याचाही निष्कर्ष काढला. लोकांना आता आपापली माहिती मिळते आहे, ताईवाचून अडत नाही, हे शेजारचं यशच की. एप्रिलअखेर अहवाल दिला त्यात तसं वाक्यही लिहिलं: कुटुंबातले शंकेचे फोन आठवड्याला अकरावरून एकावर आले. खरेपणाचे गुण कमी होते, ते मी स्पष्ट मांडले. पण सुचवलेल्या शंभर पानांतली ब्याण्णव लोक उघडतात, हा आकडा कंपनीला जास्त गोड लागला. मी खाली लिहिलं, सुधारणा करून उत्तीर्ण.

मे महिन्यात मुक्ताचं डोहाळजेवण होतं. मी सकाळच्या एसटीनं कराडला गेले. चार महिन्यांनी सगळे एकत्र भेटत होते आणि सगळ्यांत काहीतरी विचित्र वाटत होतं. पंगतीला आमटी फक्त मुगाची. प्रभाकरची बायको सांगत होती की घरात सगळ्यांच्या उशीखाली लोहचुंबक ठेवलंय, फोन बिघडले पण झोप छान लागते. मी म्हटलं, हे कुणी डोक्यात घातलं तुमच्या? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच वेडी. म्हणाली, अहो ताई, तुम्हीच तर वाचलंत.

मला आधी अर्थच लागला नाही. मग शिरीष दिसला. दुकानातून घरापर्यंतचा जिना चढून आला होता, बारा पायऱ्या. कठड्याला धरून उभा राहिला आणि श्वास पोचेपर्यंत बोललाच नाही. रंग मातीसारखा झाला होता. उज्ज्वला आतून एक बरणी घेऊन आली, त्यातला काळपट काढा त्याला दिला, तो त्यानं डोळे मिटून घेतला. तो वास येताच मी ओळखलं, त्यात काय काय असतं ते मला पाठ होतं. माझ्या वहीत लिहिलेलं होतं.

त्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. त्यानं शांतपणे सांगितलं. फेब्रुवारीत छातीत भरून यायला लागलं, तपासणी केली, तीन ठिकाणी अडथळे निघाले. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बायपास लवकर करा म्हणून सांगितलं. तो घरी आला आणि मला फोन करायला घेतला होता. त्याआधी सहज ब्राउझर उघडला तर पट्टीत सगळ्यात वर ते पान, खाली लिहिलेलं, ताईने मन लावून वाचलं. पुढच्या आठवड्यात त्याखाली आणखी नऊ नावं आली. त्याला वाटलं, ताईला कळलंय, तिनं शोधूनही ठेवलंय, सगळ्यांना सांगितलंही असेल. मग फोन करून तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा.

ती नऊ जणं कुठून आली ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. एरवी ते पान प्रभाकरपाशीच राहिलं असतं. माझं नाव चिकटलं म्हणून त्यांनी उघडलं, त्यांनी उघडलं म्हणून पुढच्यांनी. सगळ्या खटावकरांचं एकमत झालं होतं आणि एकाही खटावकरानं दुसऱ्याशी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"अरे, मी त्याला शून्य दिलंय," मी म्हटलं. "चौदा चुका काढल्यात त्याच्यात."

"मग सांगायचं नाहीस का?"

"तू विचारलं नाहीस."

तो हसला, लहानपणी गणित चुकलं की हसायचा तसं. मला त्याच्या हसण्याचा एवढा राग आला की मी रडायलाच लागले. बाहेर बायका मुक्ताची ओटी भरत होत्या, आणि आम्ही दोघं पलंगाच्या कडेवर बसून डोळे पुसत होतो.

त्याच दुपारी मी डॉक्टरांना फोन लावला. ते चिडले, चिडायलाच हवं होतं. तीन महिने घालवले, आता एक दिवसही घालवू नका म्हणाले. पुढच्या मंगळवारची तारीख ठरली. शिरीष तयार झाला. तयारच काय, हलका झाल्यासारखा दिसला. काढ्याची बरणी उज्ज्वलानं मोरीत ओतली.

लगेच निरंजनलाही फोन केला आणि जे तोंडात आलं ते बोलले. तो बिचारा गांगरला. बाई, गुणांची वही सीलबंद ठेवायची हे तुम्हीच सांगितलं होतं, म्हणाला. त्याला शेजारच्या बाजूनं दिसत होतं ते एवढंच की एक आदरणीय व्यक्ती असल्या पानांवर सर्वांत जास्त वेळ रेंगाळते. मी म्हटलं, ती पट्टी माझ्या डोळ्यांसमोरून आत्ताच्या आत्ता काढ. त्यानं फोनवर सांगितलं तशी मी दोन बटणं दाबली आणि पट्टी गेली. मला वाटलं, पीडा टळली.

मग शिरीषजवळ मंगळवारपर्यंत राहायचं सोडून मी साताऱ्याला परत आले. कपडे घ्यायचे होते, घर बंद करायचं होतं, अशी कारणं मी सांगितली. खरं कारण हे की त्याच्यासमोर मला चेहरा सांभाळता येत नव्हता. दिवसातून चारदा फोन करायची आणि अगदी वर्गात बोलावं तसं ठणठणीत बोलायची. काही होत नाही, आता हे ऑपरेशन म्हणजे रोजचंच, दहा दिवसांत दुकानात बसशील. तो हो हो म्हणायचा.

फोन ठेवला की मी लॅपटॉप उघडायची. बायपास झालेले बहुतेक लोक नीट घरी येतात हे मला ठाऊक होतं, शास्त्र कळतं मला. मी वाचत होते ते उरलेल्यांबद्दल. भूल उतरलीच नाही असा कुणी, टाके घातल्यावर रक्त थांबलं नाही असा कुणी, चौथ्या दिवशी घरी सोडणार होते आणि तिसऱ्या दिवशी गेला असा कुणी. एका बाईनं तिच्या भावाबद्दल लिहिलं होतं. ते पान मी बुधवारी वाचलं, गुरुवारी वाचलं, शनिवारी दुपारी परत वाचलं. आपण जे घडू नये म्हणतो तेच माणूस सगळ्यात बारकाईनं वाचतो.

रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला फोन वाजला. किती महिन्यांनी. शिरीषचा होता.

"ताई, मंगळवारचं रद्द केलंय मी."

मी काही म्हणायच्या आत तो पुढं बोलला. आवाज शांत होता, माझ्यावर रागावलेला नव्हता, तेच मला सहन झालं नाही.

"तोंडानं तू मला धीर देत होतीस. आणि आत बसून वाचत काय होतीस ते मला दिसलं. चार दिवस, मन लावून."

"अरे, मला भीती वाटत होती म्हणून वाचलं. पटलं म्हणून नव्हे."

"तेच म्हणतोय मी. तुला भीती वाटते म्हणजे काहीतरी असणारच."

कराडच्या एसटीत बसून निरंजनला फोन लावला. त्यानं समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. शेजारला दोन कळा आहेत, एक दाखवण्याची आणि एक कळवण्याची. मी काढली ती दाखवण्याची. पट्टी मला दिसेनाशी झाली, पण माझे डोळे काय वाचतात ते पलीकडं कळत राहिलं. मेच्या मध्यापासून शेजार ब्राउझरमध्येच बसवलेलं येत होतं, आणि आधी संमती दिलेल्यांची कळवण्याची कळ आपोआप चालू. संमतीपत्राच्या नवव्या पानावर तसं लिहिलेलं होतं. मी सही केली होती ते पान.

कराडला तीन दिवस त्याच्याशी भांडले. शपथा घातल्या, डॉक्टरांना फोनवर त्याच्याशी बोलायला लावलं, उज्ज्वला पदर डोळ्यांना लावून समोर बसून राहिली. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि माझ्या तोंडाकडं बघायचा. मी खरं बोलते आहे की नाही ते शोधायचा. जन्मभर जो माणूस माझ्या एका शब्दावर चालला, त्याला आता माझा शब्द पुरत नव्हता, कारण शब्दाच्या आतलं बघायची सोय त्याला झाली होती. शेवटी म्हणाला, मुक्ताचं बाळंतपण होऊ दे, नातवंडाचं तोंड बघू दे, मग तू म्हणशील तिथं सही करतो. एवढ्यावर तडजोड झाली. मी हो म्हटलं. हे मला मान्य करायलाच हवं, शेवटी मी हो म्हटलं.

शुक्रवारी सकाळी अकराला तो दुकानात एका बाईंच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होता. बसवला, काच पुसली, चष्मा त्यांच्या हातात दिला आणि स्टुलावर बसला. त्या बाईंना वाटलं, दमले असतील. दवाखान्यात न्यायच्या आधीच संपलं होतं.

तेराव्याला सगळे जमले. कुणी त्या पानाचं नाव काढलं नाही. नशिबात असतं ते चुकत नाही, असंच जो तो म्हणत होता. निघताना प्रभाकर माझ्याजवळ आला, हात जोडले, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "ताई, तुम्हाला आधीच कळलं होतं. आम्ही बघत होतो ना, तुम्ही काय वाचत होतात ते."

घरी येऊन कळवण्याची कळही बंद केली. गोतावळ्यातल्या एकेकाला फोन करून सांगितलं, ते काढून टाका. सगळे हो ताई, काढतो ताई म्हणाले. माझ्या समजुतीप्रमाणे एकानंही काढलेलं नाही.

निरंजनचं पत्र आलं. मनापासून लिहिलं होतं, दोनदा माफी मागितली होती. खाली एक ओळ होती. शेजारला आता देशभर मान्यता मिळते आहे, माझ्या अहवालातलं ते वाक्य, शंकेचे फोन अकरावरून एकावर आले ते, जाहिरातीत वापरायला माझी परवानगी आहे का, असं कंपनी विचारते आहे. मी ते पत्र फाडलं. वाक्य जाहिरातीत आलं ते आलंच, नाव न घालता.

मग दीड महिना मी काहीच वाचलं नाही. वर्तमानपत्र सोडून एक अक्षर नाही. लॅपटॉपवर टॉवेल टाकून ठेवला होता.

जुलैत मुक्ताचे दिवस भरत आले. तिला आता वडील नाहीत, आई स्वतःच सावरलेली नाही. मी रोज संध्याकाळी फोन करायची. एक दिवस उज्ज्वलाच्या बोलण्यातून निसटलं की मुक्ताचा रक्तदाब वाढलाय, डॉक्टर लगेच दाखल व्हा म्हणतायत, पोरगी चार दिवस थांबू म्हणते आहे. मी मुक्ताला फोन लावला.

"सगळं छान आहे आत्या," ती म्हणाली. "डॉक्टर उगाच घाई करतात. तू काळजी करू नकोस."

"भीती वाटतेय का तुला?"

"नाही गं."

आवाज अगदी शिरीषसारखा होता. शांत, हो हो म्हणणारा. मी म्हटलं, उद्या सकाळच्या गाडीनं येते, आपण दोघी दवाखान्यात जाऊ. ती बरं म्हणाली. मी फोन ठेवला. बरं म्हणाली खरी, पण मनात काय आहे तिच्या? कुणाचं ऐकून थांबते आहे? काय वाचलंय तिनं? विचारलं तर ती सांगणार नाही, आणि सांगितलं तरी ते खरं कशावरून.

टॉवेल बाजूला केला. एकदाच बघायचं आणि बंद करायचं, असं ठरवून लॅपटॉप उघडला आणि दाखवण्याची कळ चालू केली. पडद्यावर सूचना आली की आता दोन्ही कळा एकत्रच चालतात. दुसऱ्याचं बघायचं असेल तर आपलंही कळवावं लागेल, चालेल का? मी चालेल म्हटलं. कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा लागला.

पट्टीत सगळ्यात वर एक पान होतं, बाळंतपण घरीच का करावं ह्याबद्दलचं, आणि त्याखाली लिहिलं होतं, मुक्ताने मन लावून वाचलं. उद्या तिला समजावायचं तर त्यात काय लिहिलंय ते मला माहीत असायला हवं होतं. मी पान उघडलं.

पहिलीच ओळ चुकीची होती. मी ती परत वाचली.